रामानुजनच्या चौकटीवरचं लिंबू

सोनाराने डबी पेढीवर पालथी केली आणि आतून चार गोट्या, एक कीचेन आणि टिकल्यांचं पाकीट निघालं. "मॅडम, यातलं दुरुस्त काय करायचंय?" त्याने शांतपणे विचारलं. पायलने टिकल्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. गोट्या इथे, म्हणजे आईच्या मोत्यांच्या कुड्या तिकडे, तळवलीच्या रस्त्याकडेला!

ऐरोलीच्या आयटी कंपनीतल्या पायलला जिओकॅशिंगचं वेड होतं. कुणी तरी डबा लपवायचा, मोबाइलच्या नकाशावर जागा टाकायची. ज्याला सापडेल त्याने आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. पायलचा डबा गणिती रामानुजन यांच्या नावाचा. झाकणावर लाल रंगात आकड्यांची चौकट, वरच्या ओळीत त्यांची जन्मतारीख. उभी, आडवी, तिरकी, कशीही बेरीज करा, एकशे एकोणचाळीसच. इतकी हुशार मुलगी रविवारी डब्यात नव्या वस्तूंची डबी टाकायला गेली आणि तिच्यासारखीच दिसणारी, दुरुस्तीला न्यायच्या कुड्यांची डबी ठेवून आली.

कुड्या आजीच्या होत्या. महाडकडून आजी मुंबईला आली तेव्हा तिच्या अंगावर तेवढंच सोनं होतं. मैत्रीच्या, म्हणजे पायलच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आई त्या घालणार होती. आणि कुणी नेल्या असल्या तर त्याला चोरही म्हणता येणार नव्हतं. खेळाचा नियमच तसा.

तळवलीला रिक्षातून उतरून ती उंबराकडे धावली. बुंध्यामागे डबा होता. त्याच्यावर हळदकुंकू आणि एक लिंबू. सवयीने तिचा पाय उचलला गेला. उतारा दिसला की लाथेने उडवायचा, ही तिच्या वडिलांची, गंगाराम यांची शिस्त. आपल्या घरात भीतीला पाट मांडायचा नाही, असं ते म्हणत.

"हात नको लावू, बाय," पलीकडे सुकट विकणारी दुर्गाबाई म्हणाली. "करनी हाय कुनाची तरी. झाकनावर यंत्र काढलंय बघ. कुनी फिरकत नाय तिकडं. लिंबू मीच ठेवलाय, उलटू नये म्हनून."

"आजी, गणित आहे ते. मीच काढलंय."

"तू?" दुर्गाबाईने टोपली जवळ ओढली.

पायलने झाकण उघडलं. डबी होती. डबीत कुड्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडला. तिथेच फतकल मारून ती आधी रडली, मग हसत सुटली, आणि दुर्गाबाईची उरलीसुरली शंकाही फिटली.

संध्याकाळी तिने कुड्या आईच्या हातावर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"लिंबू उडवलंस ना?" गंगाराम यांनी विचारलं.

"नाही, बाबा. होतं तसंच परत ठेवलं."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात आईने एक कुडी कानाला लावून आरशात पाहिलं. गंगाराम तिच्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "लग्न होऊन जाऊ दे. मग जाऊन उडवू."