माउलीनं नेलेला पखवाज

काल्याचं कीर्तन संपलं, पंगती बसल्या, आणि मंजुळाबाईंच्या ध्यानात आलं की आपला पखवाज कुठंच दिसत नाही.

सकाळी बाहेरगावच्या एका वादकाच्या पखवाजाची वादी, ताणायची कातडी पट्टी, ऐन वेळी तुटली. तो हात जोडून म्हणाला, "माउली, तुमचा द्या. काला झाला की आणून देतो." मंजुळाबाई म्हणाल्या, "घ्या माउली." झालं. नाव नाही, गाव नाही. सप्ताहात जो तो माउली. नाव विचारायचं सुचतं कुणाला?

आता साखरा गावच्या मांडवात त्या फिरत होत्या.

"ते माउली दिसले का?"

"कोणते माउली?"

"पखवाजवाले."

"चार होते. एक तर जेवून गेले बी गाडीवर."

चुलीपुढं बसून, मांडीवर ठेके धरत मंजुळाबाई एकट्याच वाजवायला शिकल्या होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हा पखवाज घरात आला. नवऱ्याला धड स्वेटर नव्हतं, पण पखवाजाला दोन कापडी गवसण्या होत्या.

सून वैष्णवी वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाई, मोबाईलला कुणाला हात लावू देत न्हाई, अन् पखवाज असाच दिला?"

"तू वरण वाढ."

नेला तो नेला, पण नाद घुमावा म्हणून डाव्या तोंडाला लावलेली कणीक तरी काढली असेल का त्यानं? वाळली की कातडं चिरतं. उंदरांना वास लागला तर संपलंच.

देवळामागं शाळेच्या ओट्यावर, सावलीत, तो बसला होता. पखवाज मांडीवर, हातात ओलं फडकं. कणकेचा शेवटचा कण पुसत होता.

"अवो, काहून गेला तुमी इकडं?"

"उनानं कातडं तडकंल म्हणून आणला. दोनदा मांडवात हुडकलं तुमाला. पखवाजवाल्या माउली कुठं हायेत म्हणलं, की लोक माझ्याकडंच बोट करायले."

मंजुळाबाईंनी पखवाज ओढून घेतला, दोन्ही तोंडांवरून हात फिरवला, एक थाप मारली. बराबर होता. मग त्या तिथंच ओट्यावर बसल्या, आणि सकाळपासून आपण चहासुद्धा घेतला नाही हे तेव्हा कुठं कळलं.

"नाव काय तुमचं?"

"ग्यानबा. शिरड शहापूर."

"मी मंजुळा. ध्यानात ठेवा."

ग्यानबानं मान डोलावली. मग जरा चाचरत म्हणाला, "एकादशीला आमच्याकडं भजन हाय. माझी वादी तवर होते का न्हाई..."

गवसणीची नाडी घट्ट बांधत मंजुळाबाई म्हणाल्या, "येईल की पखवाज. पण त्याच्यासंगं मी येईन, अन् वाजवीन बी मीच."

"अन् मी?"

"तुमी टाळ धरा."