दोन तबरूक पाणी

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. ‘मग काय झालं?’ यातला नव्हे, पाणी प्यायचा! पांढरा, एनॅमलचा, ठिकठिकाणी टवके उडालेला. पण आमच्या घरात मला कुणी मग म्हणत नाही. माझं नाव तबरूक. जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर टँकर आला, की सुलाबाई ओरडायच्या, "येकेकाला दोन तबरूक! ज्यादा न्हाई!" ज्वारीही माझ्यानंच मोजायची. मला वाटायचं, सगळ्या जगात मगाला तबरूकच म्हणतात.

माझे पहिले धनी नाथाजी, सुलाबाईंचे सासरे. ते फौजेत होते. भोवती नुसती वाळू, आणि पाणी मोजून मिळायचं. एकदा त्यांनी आपल्या वाटचं पाणी आजारी दोस्ताला पाजलं. तेव्हा मला त्यांचा लय अभिमान वाटला! आपण कुठं आहोत हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मगाला कोण सांगणार?

लढाई संपली, नाथाजी मला घेऊन घरी आले. ते होते तोवर माझा थाट होता. ते गेले आणि पाणी-ज्वारीबरोबर मी मेंढरांचं मीठही मोजू लागलो. गेल्या महिन्यात माझ्या तळाला भोक पडलं. सुलाबाईंनी पाव किलो लसणावर मला भंगारवाल्याला देऊन टाकलं. रडावंसं वाटलं हो, पण भोकामुळं पाणी टिकतंय कुठं!

त्याच दिवशी त्यांची नात सृष्टी बारावीच्या इतिहासाच्या तासाला बसली होती. हे मला मागाहून कळलं. वीरधवल सरांनी प्रकल्प दिला होता. जगाच्या इतिहासाशी नातं असलेली घरातली एक वस्तू उद्या आणायची, वीस गुण. सृष्टीचं तोंड एवढंसं झालं.

"सर, आमच्यात मेंढरं हायती न् घोंगडी. जगाचा इतिहास कुठला असायचा?"

सर हसले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या नकाशाकडे वळले. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथल्या वाळवंटात आपले जवानही लढले, हे टोब्रुक."

सृष्टी ताडकन उठली. "तबरूक? सर, त्यानं आमी ज्वारी मोजतो!"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "घरात कुणी फौजेत होतं?"

"पणजोबा व्हते!"

"मग पोरी, तास संपला की पळ घरी!"

घरी येऊन बघते तर मी गायब. "आजी, तबरूक कुठाय?"

"त्याचा लसूण घेटला की!"

सृष्टी तशीच उरलेला लसूण घेऊन धावली. भंगारवाला पुढच्या वस्तीवर चहा पीत होता. पोत्यात मला माझं नाव ऐकू आलं! "मामा, लसूण घ्या, आमचं तबरूक द्या!" निम्मा लसूण तर चटणीत गेला होता. म्हणून मागून सुलाबाई धापा टाकत आल्या, हातात चटणीची वाटी! भंगारवाल्यानं चटणी चाटून बघितली आणि मला सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर. सृष्टी म्हणाली, "सर, तुमीच सांगितलं, तिथं फौजेला पाणी मोजून मिळायचं. हितंबी मोजूनच मिळतंय. म्हणून त्यांनी मापाला त्या गावाचं नाव ठेवलं आसंल." नातीबरोबर आलेल्या सुलाबाईंनी मागच्या बाकावर डोळ्यांना पदर लावला. "मामंजी सांगायचे गं, आमीच कान दिला न्हाई."

मित्रांनो, घरातला एखादा शब्द उमगत नसेल, तर वस्तू देऊन टाकायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा. लसूण काय, परत मिळेल.

आता मी कोनाड्यात असतो. परवा टँकर आला. माप स्टीलचं, पण हाक तीच, "येकेकाला दोन तबरूक!"

"आजी, तबरूक कुठं हाय, ठावं हाय का?" सृष्टीनं छेडलं.

"न ठावं व्हायला काय झालं? आफ्रिकेत! आन् आपल्या कोनाड्यात."