डावी चप्पल

हरणाबाईंनी पिशवीत भाकऱ्या घातल्या, शेंगदाण्याची चटणी घातली, पाण्याची बाटली आडवी सरकवली. नवरा अंगणात बूट पुसत बसलाय हे एकदा डोकावून पाहिलं. मग पिशवीच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चप्पल ठेवली. एकच, डाव्या पायाची.

लालासाहेब सत्तरी ओलांडलेले, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. त्यांना आज सांगलीला जायचं होतं. शेजारच्या नाथाजींची धाकटी मुलगी उत्कर्षा तिथं फिजिओथेरपी शिकत होती. म्हातारपणी माणसाचा तोल का जातो, चालताना पायातला कोणता स्नायू कधी जागा होतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी तिला दोन तऱ्हेची माणसं हवी होती, वर्षभरात कधीतरी पडलेली आणि अजिबात न पडलेली. दिवाळीला गावी आल्यावर तिनं विचारलं होतं, "तात्या, याल का? तुमच्यासारखी धडधाकट माणसं मिळेनात मला."

"येतो की," लालासाहेब म्हणाले होते. "पोरीचा अभ्यास अडायला नको."

हे ऐकताना हरणाबाईंच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं होतं. लालासाहेब पडले होते. एकदा न्हाणीच्या उंबऱ्यापाशी, एकदा गोठ्यापुढं, आणि एकदा तर सारवलेल्या सपाट अंगणात. तिन्ही वेळा उठल्यावर त्यांनी जमिनीकडे रागानं पाहिलं आणि म्हणाले, "दगूड हाय हितं." दगड एकदाही नव्हता.

ती चप्पल हरणाबाईंच्या हाती लागली नवऱ्याच्या चपला धुताना. उन्हाळ्यात घेतलेला जोड. उजवी अजून चांगली होती, डावीचा तळ मात्र बोटांखाली झिजून कागदासारखा झाला होता. पाय जमिनीवर घासतोय हे तेव्हा त्यांना कळलं. नवा जोड आणवला, जुनी डावी मात्र त्यांनी टाकली नाही.

एवढंच असतं तरी त्यांनी मनातल्या मनात ठेवलं असतं. पण शिवांजली होती. नात पहिलीत गेलेली. मुलगा जोधपूरला फौजेत, सून सकाळच्या गाडीनं कोरेगावला नोकरीवर. शाळा कालव्याच्या पलीकडं, आणि कालव्यावर दोन हात रुंदीचा साकव, त्याला कठडा एकाच बाजूला. त्या साकवावरून नातीला शाळेत पोचवण्याचं काम लालासाहेबांनी कोणी न सांगता स्वतःकडं घेतलं होतं. त्याला ते ड्युटी म्हणत. हरणाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "मी सोडत जाऊ का तिला?" तर दोन दिवस ते जेवले, पण बोलले नाहीत.

दिवाळीची सुटी संपून सोमवारी शाळा उघडणार होती. आणि कालव्यालाही सोमवारीच पाणी सुटणार होतं.

गाडीत लालासाहेब खिडकीतून उसाचे फड पाहत होते. हरणाबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांची सगळी भिस्त उत्कर्षानं सांगितलेल्या, पायाला तारा लावून तपासणाऱ्या मशीनवर होती. माणूस खोटं बोलेल, पण तारा लावल्या की पाय खोटं बोलणार नाही. मशीनच सांगेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पिशवीतल्या चप्पलचीही गरज पडणार नाही.

कॉलेजच्या त्या खोलीत एक बाक होतं, जमिनीवर पिवळ्या पट्टीनं आखलेली रेघ होती आणि टेबलावर मशीन. उत्कर्षानं आधी फॉर्म काढला.

"तात्या, गेल्या वर्षभरात कधी पडलात?"

"न्हाई."

"अडखळलात, धडपडलात?"

"अगं, सियाचीनला बरफात न्हाई पडलो, अंगणात कशाला पडीन?"

हरणाबाई खाली पाहत राहिल्या. फॉर्मवर पेन फिरल्याचा आवाज त्यांना आला.

उत्कर्षानं लालासाहेबांच्या मांडीवर, नडगीवर आणि पोटरीवर गोल चिकट टिकल्या लावल्या, त्यांना तारा जोडल्या. पडद्यावर हिरव्या रेघा थरथरू लागल्या. "स्नायूनं काम केलं की ही रेघ उडते, काकी," तिनं हरणाबाईंना समजावलं. "काम न करणाऱ्या स्नायूची झोपून राहते."

"तात्या, सरळ उभे राहा."

टाचा जुळल्या, छाती पुढं आली, नजर समोरच्या भिंतीवर खिळली. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम दाट झाल्या.

"एवढे ताठ नको. घरी उभे राहता तसे."

"मी घरीबी असाच उभा ऱ्हातो."

हरणाबाईंच्या डोळ्यांपुढं दाराच्या चौकटीला खांदा टेकलेला नवरा उभा राहिला.

एका पायावर उभं राहायला सांगितलं, ते राहिले. डोळे मिटायला सांगितलं, मिटले. कपाळावर घाम आला, पण पाय हलला नाही. मग चालणं. "स्टार्ट" म्हणताच लालासाहेब बाकावरून उठले आणि पिवळ्या रेघेवरून चालू लागले. गुडघा वर, पंजा वर, हात मागे-पुढे, प्रत्येक पाऊल मोजून दिल्यासारखं. "थांबा" म्हटल्यावर त्यांनी पाय असा आपटला की पडद्यावरची रेघ वरच्या कडेपर्यंत गेली.

उत्कर्षा हसली. "तात्या, तुमच्या रेघा चाळिशीतल्या माणसाच्या आल्यात. माझ्या न पडलेल्यांच्या यादीत तुमचा पहिला नंबर."

लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि बायकोकडं पाहून म्हणाले, "बघितलंस?"

हरणाबाईंनी पिशवी जवळ ओढली. मशीनही यांच्या हुकमात गेलं होतं. आता तर कॉलेजचा शिक्का बसणार. सोमवारी तो शिक्का खिशात घालून हे नातीचं बोट धरणार, खालून पाणी वाहत असणार.

उत्कर्षा टिकल्या काढायला खाली वाकली.

"थांब पोरी," हरणाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचाच वाटला नाही. त्यांनी पिशवीतून भाकऱ्या बाहेर काढल्या, बाटली काढली, कागद सोडला आणि चप्पल टेबलावर उलटी ठेवली.

लालासाहेब पाहतच राहिले. "ही टाकून दिली व्हती की."

"तुमी टाकली व्हती."

उत्कर्षानं चप्पल हातात घेतली. पुढच्या झिजलेल्या भागावरून अंगठा फिरवला.

"तू हुकूम देतीस, म्हणून त्ये तसं चालत्यात," हरणाबाई हळू म्हणाल्या. "घरात कोण 'स्टार्ट' म्हणतंय त्यांना?"

लालासाहेबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. परक्या खोलीत, शेजारच्या पोरीपुढं, बायकोनं त्यांना उघडं पाडलं होतं. हरणाबाईंना त्यांच्याकडं बघवेना.

"तात्या," उत्कर्षा म्हणाली, "अजून एकदा चालाल? नको म्हणालात तर नको. मी हुकूम देणार नाही. टेबलावरचा माझा चहाचा कप बशीसकट हातात घ्या आणि शिवांजली शाळेत काय करते ते मला सांगत सांगत खिडकीपर्यंत जा."

हरणाबाईंना वाटलं, आता हे तारा उपटून निघून जातील. पण त्यांनी कप घेतला.

"तिच्या बाई तिला म्हणत्यात," ते चालता चालता सांगू लागले, "की अक्षर चांगलं हाय, पर बडबड लय…" आणि चौथ्या पावलाला डावा पंजा जमिनीला घासला. चहा बशीत सांडला, बशीतून हातावर. त्यांनी भिंत धरली. मग मुकाट्यानं राहिलेली पावलं टाकून खिडकी गाठली.

उत्कर्षानं पडद्यावरची एक रेघ बोटानं दाखवली. "हा नडगीवरचा स्नायू. पाय पुढं टाकताना पंजा उचलायचं काम याचं. कोणी हुकूम दिला की वेळेवर हजर होतो. तुमचं लक्ष दुसरीकडं गेलं की उशिरा येतो."

"उशिरा हजर झाला, म्हंजे शिक्षा," लालासाहेब बाहेर बघत म्हणाले.

"शिक्षा नाही, कवायत. त्याची ताकद वाढवता येते. एकदा डॉक्टरांनाही दाखवू, हे कशामुळं होतंय ते बघायला हवं." तिनं फॉर्म पुढं ओढला. "तात्या, तो पहिला प्रश्न परत विचारू?"

लालासाहेबांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"पाच," लालासाहेब म्हणाले.

हरणाबाईंनी चमकून वर पाहिलं. त्यांना तीनच वेळा माहीत होत्या.

"चौथ्यांदा उसाच्या बांधावर. आणि…" ते खिडकीतच उभे होते, पाठ फिरवून. "आणि पाचव्यांदा साकवावर. पोरगी संग व्हती. कालवा कोरडा व्हता. कठडा घावला म्हणून बरं. मी तिला म्हणलं, आजीला सांगू नगंस."

सहा वर्षांच्या पोरीनं ते पोटात ठेवलं होतं. रोज रात्री हरणाबाईंच्या कुशीत झोपत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

उत्कर्षानं फॉर्मवरचं 'नाही' खोडून पाच लिहिलं. दोन व्यायाम लिहून दिले. टाचा जमिनीवर टेकवून दोन्ही पंजे वर उचलायचे, दहा वेळा. आधार धरून एका पायावर उभं राहायचं, आकडे मोजत. "आणि महिनाभर साकव नको. एकट्यानंही नको," ती म्हणाली. त्यावर लालासाहेबांनी मान हलवली की नाही, हे हरणाबाईंना नीट दिसलं नाही. परतीच्या गाडीत पिशवी कुणी उघडली नाही. भाकऱ्या तशाच घरी आल्या.

सोमवारी सकाळी ते बूट घालून, नातीचं दप्तर खांद्याला लावून अंगणात उभे होते. हरणाबाईंनी दूध शेजारणीकडून डेअरीवर पाठवलं आणि मागोमाग निघाल्या. लालासाहेबांनी मागं वळून पाहिलं नाही, की परत जा म्हणाले नाहीत. कालव्याचा आवाज लांबूनच येत होता. पाणी गढूळ, काठोकाठ.

साकवाच्या तोंडाशी लालासाहेब थांबले. शिवांजलीचं बोट त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी मूठ उघडली, दप्तर उतरवलं आणि पोरीचं बोट बायकोच्या हातात दिलं.

"तू धर."

"आजोबा, तुम्ही?" शिवांजलीनं विचारलं.

"मी हितं पहाऱ्यावर हाय."

हरणाबाई पोरीला कठड्याच्या बाजूला घेऊन साकवावर चढल्या. खाली पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाणी दिसत होतंच. मागून आवाज आला, "एक." साकवाच्या तोंडाच्या दगडी खांबाला धरून ते उभे असणार, पंजे वर उचलत. "दोन. तीन." तोच आवाज, कवायतीचा, मोठा. शिवांजली त्या तालावर पावलं टाकू लागली. "पाच. सहा. सात."

आणि आवाज थांबला.

हरणाबाई साकवाच्या मधोमध उभ्या राहिल्या. वळून पाहावं तर एका हातात पोर, खाली पाणी. नातीचं बोट त्यांनी इतकं आवळलं की ती कळवळली.

"आठ," मागून आवाज आला.

त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.