लंबा हात

बाळकृष्ण सुशिलेच्या हातातून सुटला, मोरीच्या सिमेंटवर एकदा टणकन आपटला आणि समोरच्या सांडपाण्याच्या नळाच्या उघड्या तोंडात गेला. आत कुठेतरी खोल दोनदा आवाज झाला. मग काहीच नाही.

सुशिला तशीच बसून राहिली. चिंचेच्या कोळाने आणि राखेने माखलेले हात अजून देव धरल्यासारखेच होते. नळावरची जाळी तिनेच सकाळी काढून बाजूला ठेवली होती. केस आणि शिळी फुलं अडकून जाळी तुंबली होती म्हणून. परत बसवायचं राहून गेलं, आणि त्यात आज गोकुळाष्टमी म्हणून देव घासायला घेतले.

मग तिने आत हाक मारली. "आत्याबाई, देव गेला."

तिच्या सासूबाई, धुरपताबाई, आतून धावत आल्या. चोरखमारा गावच्या तलावाखालची धानाची शेती सासऱ्यांच्या भावाच्या स्वाधीन करून हे कुटुंब गोंदियात आलं त्याला नऊ वर्षं झाली होती. सासरे दुलीचंद आता धान-तांदळाचा व्यापार करत, आणि नवरा नंदलाल त्यांच्या हाताखाली. घर दोन वर्षांपूर्वीच, बावन्न साली बांधलेलं. अंगठ्याएवढा हा पितळी बाळकृष्ण मात्र गावाहून आलेला, धुरपताबाईंच्या सासूच्याही सासूचा. दर अष्टमीला अंगणात कुंभाराकडचा मातीचा कानोबा मांडायचा आणि त्याच्यापुढे पाळण्यात ह्याला निजवायचं, असा रिवाज होता.

धुरपताबाईंनी मोरीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "पानी टाकलं का?"

"नाही."

"टाकू नोको. एक थेंब टाकू नोको."

हे मात्र त्यांनी नेमकं ओळखलं होतं. दुलीचंदांना ह्या मोरीचा भारी अभिमान होता. चिनीमातीचे नळ त्यांनी रेल्वेने जबलपूरहून मागवले होते. मोरीच्या तोंडातून नळ हातभर सरळ खाली जायचा, मग वाकण घेऊन फरशीखालून रस्त्यावरच्या नालीपर्यंत. वाटेत अंगणातलं पाणीही त्याच नळाला येऊन मिळायचं. देव वाकणाच्या पलीकडे गाळात बसला असेल तर ठीक, पण पाण्याचा लोंढा आला की नालीत, नालीतून नाल्यात, आणि नाल्यातून कुठे जाईल ते कोणी सांगावं.

आणि आभाळ सकाळपासून भरून आलं होतं.

नळ ज्याने बसवले होते तो बकाराम मिस्त्री आला. उकिडवा बसला, नळात डोळा लावला, उठला. "फरशी फोडा लागते, दुलीचंदभाऊ."

"फोड मंग."

"फोडतो. पन घन मारला का नळ बी फुटते. अन् फुटला तर खापऱ्या देवावरच पडतीन. पाऊस आला तर वरून माती. मंग मले बोल लावू नोका."

धुरपताबाई मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या. उपासाचा दिवस, ओठ सुकलेले. नळाच्या तोंडावरून त्या नजर हलवत नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं रोज सकाळी सुशिला त्या देवाला न्हाऊ घालत आली होती.

तिला तेव्हा निर्मलाबाई आठवली.

सुशिलेचं माहेर गोंदियाजवळच्या मुर्रीचं. मुर्रीकडे जाताना रेल्वे फाटकाजवळ चैतरामचं सायकलचं दुकान लागायचं. चैतराम वारला, तर सगळ्यांना वाटलं दुकान बंद होईल. त्याच्या बायकोने, निर्मलाबाईने, महिन्याभराने फळ्या काढल्या आणि स्वतः पंक्चर काढायला बसली. पदर खोचून, मांडीवर चाक घेऊन, काळ्या हातांनी. जाणारे-येणारे थांबून बघत, बायका तोंड फिरवत. तिच्यापाशी म्हणे एक तार होती. रेल्वेच्या क्वार्टरमधल्या कोण्या प्रेमिलेचं कानातलं मोरीत पडलं, तर तिने त्या तारेने जिवंत मासा काढावा तसं काढलं होतं. लोक त्या तारेला 'लंबा हात' म्हणत.

सासऱ्यांसमोर सुशिला कधी आपणहून बोलत नसे. आज बोलली. "मामंजी, फाटकाजवळच्या निर्मलाबाईले बोलवा. तिच्याजवळ लंबा हात हाये."

दुलीचंद काही बोलायच्या आत धुरपताबाई म्हणाल्या, "आज अष्टमी. बिना कुंकवाची बाई देवाले हात लावन?"

"देव मोरीत हाये, आत्याबाई," सुशिला म्हणाली. आपण हे बोललो ह्याचं तिलाच नवल वाटलं.

 मग नंदलालने चपला घातल्या आणि तो निघाला.

निर्मलाबाई आली ती पिशवी घेऊन. तिशी-पस्तिशीची, हडकुळी. धुरपताबाईंचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं असावं. दारातच थांबून ती म्हणाली, "काकी, मी हात नाही लावत. माझी तार लावतो."

पिशवीतून तिने ती वस्तू काढली. लढाईनंतर भंगारात निघालेल्या फौजी मोटारसायकलच्या क्लचच्या दोन तारा तिने जोडल्या होत्या. बाहेरून बारीक स्प्रिंगचं वेटोळं, आतून तार, लांबी चांगली सहा हात. एका टोकाला लाकडी मूठ आणि तिच्यावर दाबायची खुंटी. दुसऱ्या टोकाला छत्रीच्या काड्या घासून केलेली चार नखं. तिने खुंटी दाबली तशी नखं बाहेर येऊन फुलासारखी उघडली. अंगठा उचलला तशी ती आपोआप मिटून आत गेली. बकारामने वाकून पाहिलं. "पुन्हा कर," तो म्हणाला. तिने केलं. बकारामने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि तो बाजूला सरकला.

निर्मलाबाईने तार नळात सोडली. वाकणाशी ती अडली, तिने मूठ जराशी फिरवली, तार वळली आणि आत शिरली. डोळे मिटून, मान कलती करून ती बसली होती. पहिल्यांदा केसांचा गुंता आला, मग बांगडीचा तुकडा. तिसऱ्यांदा तार गेली आणि थांबली.

"लागला," ती म्हणाली.

धुरपताबाईंनी हात जोडले.

निर्मलाबाईने अंगठा दाबला, सोडला, ओढलं. नखं रिकामी आली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने तार तशीच आत ठेवली आणि सुशिलेकडे वळली. "गोटा लागला, का कचरा लागला, थे मले समजते. पन तुमचा देव कसा हाये? मी त्याले कधी पायलं नाही. कुठी धरू?"

"रांगते," सुशिला म्हणाली. "एक गुडघा टेकवला हाये. उजवा हात वर, हातात लोन्याचा गोळा."

"तुले डोळे मिटून मालूम हाये?"

"रोज न्हाऊ घालतो मी त्याले."

"मंग तू ये."

निर्मलाबाईने मूठ तिच्या हातात दिली आणि तिच्या दुसऱ्या हाताचं बोट तारेवर ठेवलं. "दाबू नोको. नुसतं टेकव. थो सांगन."

सुशिलेने श्वास धरला. आधी काही नव्हतं, थंड तार होती. मग कसलीतरी बारीक खरखर बोटात आली. "वाळू," निर्मलाबाई कानाशी म्हणाली. मग मऊ, ओढून धरल्यासारखं. "केस." आणि मग टिक. कानाला ऐकू न येणारं, बोटाच्या टोकालाच समजलेलं. सुशिलेच्या अंगावर सरसरून काटा आला. चार-पाच हात लांब अंधारात, चिखलात, वाकणाच्या पलीकडे, पितळेला नख टेकलं होतं आणि ते तिला आपल्या बोटाने टेकल्यासारखं कळत होतं. तिने मूठ केसभर फिरवली. गोल, गुळगुळीत. पाठ. अजून जरा. खाली उतार, मग टोक. गुडघा. रोज सकाळी ओल्या अंगठ्याने ज्यावरून ती गंध पुसत असे तोच गुडघा.

"थोच हाये," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"वरचा हात शोध. काखेत नख गेलं पायजे."

तिने शोधला. खुंटी दाबली, सोडली, ओढलं. वजन आलं! बोटभर सरकलं आणि सुटलं. टिक, टिक, असा तो पुढे घरंगळत गेल्याचं तारेतून कळलं. त्याच वेळी पत्र्यावर पहिले थेंब वाजले.

"पानी अडवा!" धुरपताबाई ओरडल्या.

दुलीचंद, नंदलाल आणि बकाराम तिघेही अंगणात धावले. वखारीत कोंड्याची पोती होती. ती ओढून आणून त्यांनी अंगणातल्या पाण्याच्या वाटेवर आडवी टाकली, एकावर एक. पाऊस धाडधाड कोसळू लागला. पाठदुखीची तक्रार रोज सांगणारे दुलीचंद पोत्यांना पाठ लावून चिखलात बसले. "होते का नाही?" ते बाहेरून पुन्हा पुन्हा विचारत.

सुशिलेला पावसाचा आवाज येईनासा झाला होता. तारेची जेमतेम वीतभर मोरीबाहेर उरली होती. तिने ती सरकवली, अजून सरकवली. मूठ नळाच्या तोंडाला टेकली. आणि तिथे, अगदी शेवटच्या टोकाला, टिक.

पाठ. मान. हात. हाताच्या टोकाला छोटासा गोळा. ह्या वेळी तिने घाई केली नाही. नखं उघडली, गोळ्याच्या मागून नेली, काखेत टेकली असं बोटाला पटेपर्यंत थांबली, मगच अंगठा उचलला.

"आता झटका देऊ नोको," निर्मलाबाई म्हणाली. "स्प्रिंग नाजूक हाये. झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून गोधडी काढतो तशी ओढ."

वीतवीत तार बाहेर आली. वाकणाशी अडकलं. सुशिला थांबली, फिरवलं, सुटलं. नळाच्या तोंडाशी आधी काळा गाळ दिसला, आणि गाळात एका नखाला कसाबसा लटकलेला, डोकं खाली, पाय वर असा बाळकृष्ण.

"घ्या कोनी!" सुशिला ओरडली. तिचे दोन्ही हात तारेवर होते.

निर्मलाबाईचा हात पुढे झाला आणि अर्ध्यातच थांबला. "काकी, तुमी घ्या."

धुरपताबाईंनी हात पुढे केला.  बोटं देवाजवळ गेली आणि मागे आली. "नाही होत माय. मी पाडतो त्याले," त्या म्हणाल्या. "तू घे. घे लवकर."

निर्मलाबाईने ओंजळ खाली धरली. नख सुटलं आणि देव तिच्या हातात पडला.

सुशिलेने नंतर कितीतरी वेळा तो क्षण आठवला. ग्रीसने काळ्या झालेल्या हातात गाळाने काळा झालेला देव, आणि निर्मलाबाई त्याच्याकडे बघत होती ती श्वास विसरून.  नवरा गेल्यापासून सात वर्षांत कोण्या घरच्या देवापर्यंत तिला कोणी जाऊ दिलं नव्हतं. तिने देव परत द्यायला हवा होता. तिने दिला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

मग धुरपताबाईंनी तांब्या उचलला. "धर नीट," त्या म्हणाल्या. "धून घे त्याले. आता तुयाच हातात हाये थो."

त्यांनी पाणी ओतलं आणि निर्मलाबाईने धुतलं. गाळ गेला, पितळ दिसू लागलं, गुडघा दिसला, लोण्याचा गोळा दिसला. बाहेर पोत्यांशी बसलेले तिघे चिखलाने माखून दारात येऊन उभे राहिले.  

संध्याकाळी कानोबा मांडला गेला. बायका आल्या, त्यांनी पाळणा हलवला, आणि धुरपताबाईंनी प्रत्येकीला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. प्रत्येक वेळी नळ हातभर लांब होत गेला. निर्मलाबाईला निरोप धाडला होता, पण ती आली नाही. एका गिऱ्हाइकाचं चाक खोलून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी प्रसादाचं ताट घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "चाल." नऊ वर्षांत त्या फाटकाकडे पायी गेल्या नव्हत्या.

निर्मलाबाई मांडीवर ट्यूब घेऊन बसली होती. ती उठू लागली, धुरपताबाईंनी हातानेच बसवलं आणि दुकानाच्या फळीवर स्वतःही बसल्या.  ताट दिलं. मग म्हणाल्या, "थो लंबा हात दाखव."

निर्मलाबाईने तार काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. धुरपताबाईंनी खुंटी दाबली. नखं उघडली. सोडली, मिटली. "कोनं शिकवलं तुले?"

"कोनी नाही, काकी. हे गेले त्याचा पयला साल होता. बेरिंगचा एक छर्रा सायकलीच्या नळीत पडला, निघूनच नाही राहिला. त्याच्यासाठी हे करत बसलो. तीन महिने लागले."

"एका छर्ऱ्यासाठी तीन महिने?"

"छर्रा तर दुसऱ्याच दिवशी निघाला. सायकल उलटी केली अन् पडला." निर्मलाबाई हसली. तिला हसताना सुशिलेने पहिल्यांदाच पाहिलं. "पन तोवर हे डोक्यात बसलं होतं. उघडन कसं, मिटन कसं. रात-दिवस दुसरं काही सुचून नाही राहिलं."

रस्त्याने जाणारी माणसं वळून बघत होती. दुलीचंद सेठची बायको सायकलच्या दुकानात बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. धुरपताबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या खुंटी दाबत होत्या आणि सोडत होत्या, आणि ती चार बारीक नखं उघडून मिटताना दर वेळी नव्याने बघत होत्या.