एका रात्रीची राखण

गंगारामने हातातली भाकर तशीच फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा इंजिन चालू केलं. ट्रॅफिक हवालदार ट्रकच्या दारावर काठी आपटत होता. नेरूळच्या सर्व्हिस रोडवरून त्याला तासाभरात दुसऱ्यांदा उठवलं होतं. त्याआधी एका सोसायटीच्या वॉचमनने हाकललं, आणि कळंबोलीला तर ट्रकांची रांग तळाबाहेर रस्त्यावर आली होती. शहराला माल हवा, माल आणणारी गाडी नको. रुईच्या गाठी सकाळी उरणच्या गोदामात उतरवायच्या होत्या, आणि तोवर हे धूड ठेवायला जागा नव्हती.

त्यातून त्याला जागा नेरूळलाच हवी होती. लेक दीक्षाने इथे फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली, तरी बाप एक रात्रही तिच्याकडे राहिला नव्हता. दर फेरीला ती बोलवायची, आणि दर फेरीला हा पुलाखाली पाच मिनिटं थांबून तिने आणलेला डबा घेऊन पुढे जायचा. त्याची बायको चांगुणाबाई मात्र लेकीकडे महिनाभर राहून आली होती. ती नवऱ्याच्या गाडीला सवत म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. आज मात्र दीक्षाने फोनवर निक्षून सांगितलं होतं की डबा मिळणार नाही, जेवायला घरी या.

शेवटी जावई अभय स्कूटरवरून आला. बँकेतून सुटल्यापासून तो जागाच शोधत हिंडत होता. गाडीच्या पुढे राहून त्याने सासऱ्याला गावठाणामागच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. प्लॉट हिरामणशेठचा. पूर्वी तिथे त्यांचं भात पिकायचं, आता लग्नाचे मांडव पडतात. शेठनी गाडी पुढून मागून न्याहाळली.

"लावा गारी. पन राखन तुमची. रातच्याला काय गेला तं मना नाय बोलायचा."

म्हणजे चणे आहेत तर दात नाहीत. क्लीनर ठेवणं गंगारामला केव्हाच परवडेनासं झालं होतं, आणि भरली गाडी एकटी सोडली तर ताडपत्री, बॅटरी, डिझेल यातलं सकाळी काय उरेल याचा नेम नाही. त्याने गुमान सीटवर वाकळ पसरायला घेतली. समोरच लेकीची इमारत दिसत होती. तिकडे बघायचं त्याने टाळलं.

"बाबा, तुम्ही वर जा. गाडीत मी झोपतो," अभय म्हणाला.

गंगारामला वाटलं, थट्टा चाललीय.

"जावयाला गाडीत झोपवून मी गादीवर लोळू? गावात काय सांगू लोकांला?"

"नका सांगू काही. दीक्षाने मटण करून ठेवलंय. तुम्ही नाही गेलात तर ती मला पण घरात घेणार नाही."

जावयाला साधं पाणी भरू देत नाहीत, आणि इथे तो राखण करायला निघाला होता. गंगारामने पुष्कळ आढेवेढे घेतले. मग मनाशी एक बेत करून तो कबूल झाला. जेवायचं, लेकीचं मन राखायचं आणि तिचा डोळा लागला की गुपचूप खाली येऊन जावयाला वर पाठवायचं. तरी निघताना त्याने दार आतून लावा, टॉर्च उशाशी ठेवा, आवाज आला की आधी हॉर्न द्या, असं सगळं दोनदोनदा सांगितलं.

उजाडल्यावर अभय वर आला. डोळे तारवटलेले, शर्टाला डिझेलचा वास. रात्री कुत्रं भुंकलं तरी तो टॉर्च घेऊन गाडीभोवती फेरी मारत होता. दीक्षाने दार उघडलं आणि दंडाला धरून त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.

हॉलमधल्या गादीवर गंगाराम झोपला होता. अंगात बाहेरचा शर्ट तसाच, आणि चपला चक्क उशाशी काढून ठेवलेल्या. बेत पक्का होता म्हणायचा. पण आता हातपाय ऐसपैस पसरलेले होते आणि तोंड उघडं टाकून तो घोरत होता.

दीक्षाला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. तिच्या लहानपणी भरली गाडी घरापुढे उभी असली की बाप गाडीतच झोपायचा. ती ताट घेऊन जायची. जरा खुट्ट झालं की तो उठून बसायचा.

"माझ्या हातून आता परात पडली," ती हळूच म्हणाली. "तरी उठले नाहीत. बाबांना असं झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं रे."

अभयने घड्याळ पाहिलं. त्याची आंघोळ राहिली होती, बँकेत वेळेवर पोहोचायचं होतं. उरणचं गोदाम उघडायला मात्र अजून अवकाश होता.

"मग उठवू नको," तो म्हणाला. "गाडीपाशी कोणी नाहीये. मी जाऊन बसतो."

बूट हातात घेऊन तो अनवाणीच जिना उतरू लागला.