आय, ऑय, आऊ

ट्राउडलने आलुबुखाऱ्याच्या केकचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि हात पुसायच्या निमित्ताने बैठकीच्या दाराला कान लावला. आत हायके तिच्या नवऱ्याला बोलायला शिकवत होती. पक्षाघाताने ऑयगेनची वाचा गेल्यापासून ही पोरगी दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, त्याच्यासमोर आरसा धरायची, जबड्याला दोन बोटं लावायची आणि जर्मनमधल्या स्वरांच्या जोड्या घोटून घ्यायची. लिहायचं ए आणि इ, म्हणायचं 'आय'. लिहायचं ए आणि उ, म्हणायचं 'ऑय'. जन्मभर ज्याने गुत्त्यातल्या टेबलावर दुसऱ्याला बोलू दिलं नाही, तो आता पहिलीतल्या पोरासारखा तोंड वासून बसलेला.

"हा... य... के," आतून आवाज आला.

"छान. पुन्हा."

"हायके."

ट्राउडलच्या अंगाचा तिळपापड झाला. या गावात समोरच्या घरातल्या बाईलाही वर्षानुवर्षं आडनावाआधी 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, लावून हाक मारतात, आणि हा लेकीच्या वयाच्या परक्या पोरीला खुशाल नुसत्या नावाने बोलावत होता. बायकोच्या वाट्याला काय, तर टेबलावर बोटाने टकटक. कॉफी हवी, टकटक. चष्मा सापडत नाही, टकटक. मागच्या महिन्यात 'ऑय' जमला तसं त्याने स्वतःचं नावही म्हणून दाखवलं होतं. ऑयगेन झाला, हायके झाली. ट्राउडलचा मात्र पत्ता नव्हता.

त्यात हेडविगने मीठ चोळलं. जिना झाडायची या आठवड्याची पाळी ट्राउडलची होती, आणि वरच्या मजल्यावरची ही हेडविग कठड्यावर रेलून मजा बघत होती.

"तुझा म्हातारा हल्ली नवरदेवासारखा दाढी करून बसतो गं. शुक्रवार आला की वास माझ्या घरापर्यंत येतो."

"नाक शाबूत आहे तुझं, देवाचे आभार मान," ट्राउडल म्हणाली आणि गरजेपेक्षा जास्त जोरात झाडू लागली.

पण वास खोटा नव्हता. हायके यायच्या दिवशी सकाळी ऑयगेन न्हाणीघरात शिरायचा, आतून कडी घालायचा आणि नळ सोडून ठेवायचा. काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध असलेल्या श्वाबियातला माणूस, भाजी धुतलेलं पाणीही कुंड्यांना घालणारा, आणि पाणी असं वाहू देतो! ती दार ठोठावून "नळ!" म्हणून ओरडायची. नळ बंद व्हायचा. ती वळली की पुन्हा सुरू. एवढं नटायचं तरी कोणासाठी, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

त्या शुक्रवारी तिने हायकेला केकचा असा पातळ तुकडा वाढला की बशी दिसावी. पोरगी कोट घालायला दारापाशी आली, तेव्हा ट्राउडलच्याने राहवेना.

"आमच्याकडे इतक्या लवकर कोणी नुसत्या नावावर येत नाही," ती म्हणाली.

हायके गोंधळली, मग कानापर्यंत लाल झाली. "चूक माझी आहे, फ्राऊ श्वेंक. त्यांना 'फ्राऊ' म्हणताच येत नाही. 'आऊ'ला शेवटी ओठांचा चंबू करावा लागतो आणि त्यांची उजवी बाजू ऐकत नाही. म्हणून मीच म्हटलं, 'फ्राऊ' राहू द्या."

"मग सोडून द्या की तो आऊ."

"मी केव्हाच म्हटलं, सोडून देऊ. तेच नकाराची मान हलवतात. आणि माझ्यासमोर तर म्हणतही नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात." तिने गुंड्या लावल्या. "घरी सराव करतात का हो?"

"घरी नुसता नटतो," ट्राउडल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी सकाळी नळ पुन्हा वाहू लागला. ट्राउडल तणतणत गेली, दारावर मारायला मूठ उचलली, आणि तशीच थांबली. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता.

"ट्रा... ट्रा... ओ..."

मग बेसिनवर हात आपटल्याचा आवाज. मग श्वास. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ट्रा... आ..."

तिला आधी लाज वाटली. त्यामागून इतका आनंद झाला की ती दाराला आणखी खेटली. तेवढ्यात पायाखालची फळी करकरली. आतला आवाज तुटला, आणि नळही बंद झाला. तो तिच्या ओरडण्याची वाट पाहत होता.

ती चवड्यांवर स्वयंपाकघरात आली. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. तिने नळ पूर्ण सोडला, फडताळातली दोन स्वच्छ पातेली काढली आणि एकमेकांवर आपटत धुवायला घेतली.

थोड्या वेळाने न्हाणीघरातला नळही पुन्हा वाहू लागला.