खरबुजाच्या मापाची कुंची

कळंबोलीच्या लोखंड बाजारात बाजीराव साळवे यांनी चौतीस वर्षं धर्मकाट्यावर ट्रक तोलले. भरलेले ट्रक, रिकामे ट्रक, एकदा तर रस्ता चुकून काट्यावर चढलेली अख्खी वरात. दहा किलोचा फरक त्यांना ट्रकच्या टायरकडे बघून कळायचा. पण माणसाच्या मापातलं या माणसाला काडीचं कळत नाही, यावर त्यांच्या घरात एकमत होतं.

याला कारण एक कुंची. क्रांती, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, जन्मली तेव्हा बाजीराव ड्यूटीवरून तडक दुकानात गेले आणि लाल मखमलीची, जरीचा काठ असलेली कुंची घेऊन दवाखान्यात पोचले. माप त्यांनी नजरेनेच घेतलं होतं. फक्त बाळ तोवर बघितलं नव्हतं. ती कुंची क्रांतीच्या अंगाला बरोबर आली तेव्हा क्रांती पहिलीत होती, आणि कुंची घालून शाळेत जायला तिने साफ नकार दिला. शेवटी शर्मिलाबाईंनी ती मिक्सरवर घातली. मिक्सरला ती इतकी छान बसली की पुढच्या एकतीस वर्षांत तीन मिक्सर बदलले, कुंची बदलली नाही.

तेव्हापासून घरात 'पप्पांचं माप' हा शब्दच पडला. रेनकोट पायात आला, पप्पांचं माप. सोफा दारातून आत येईना आणि चार दिवस जिन्यातच राहिला, येणारे-जाणारे त्यावर बसून चपला घालायचे, पप्पांचं माप. बाजीराव यावर हसायचे. पण मिक्सरकडे बघायचं मात्र टाळायचे.

क्रांती आता नवऱ्याबरोबर, रोहनबरोबर, न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला राहते. तिकडे ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिच्या शेजारणीकडे अकरा अल्पाका आहेत. अल्पाका म्हणजे उंटाच्या भावकीतलं एक लोकरीचं जनावर. मान लांब, केसांची झुलपं कपाळावर आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की याला सोसायटीच्या मीटिंगला बळंच आणून बसवलंय.

डिसेंबरमध्ये क्रांती आणि रोहन नेरूळला बाजीरावांकडे आले. बॅग उघडली तर अर्ध्या बॅगेत दुधाळ चहाच्या रंगाची, धुऊन साफ केलेली लोकर.

"चॉकलेटं नाय आणली?" शर्मिलाबाईंनी विचारलं.

"आई, हात तर लाव. शेजारणीने भेट दिलीय."

शर्मिलाबाईंनी हात घातला आणि दोन मिनिटं काढलाच नाही. "मऊ हाय गं," त्या म्हणाल्या. "पण नेरूळमधे हिचं करायचं काय? घामोळ्यांना पांघरायची?"

त्याच संध्याकाळी चहा पिताना क्रांतीने सांगितलं की जूनमध्ये त्यांच्याकडे बाळ येणार आहे. तिकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. शर्मिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजीराव मात्र उभे राहिले. धर्मकाट्यावर ट्रक चढला की ते असेच उभे राहायचे.

"कुंची आजोळची," ते म्हणाले. "मी देणार. याच लोकरीची. सूत मी कातणार. आणि मापात."

शर्मिलाबाईंनी मिक्सरकडे बघितलं.

"पप्पा," क्रांती शक्य तितक्या मायेने म्हणाली, "मिक्सर आमीपण घेतलाय तिकडे. त्याला कव्हर नाहीये. तेवढं करा ना."

रोहन जावई असल्यामुळे खिडकीकडे तोंड करून हसला. बाजीराव हसले नाहीत. बाळंतपणाला शर्मिलाबाई एकट्याच जाणार होत्या. बाजीरावांचा गुडघा इतक्या लांबच्या विमानप्रवासाला तयार नव्हता. म्हणजे त्यांच्याकडून त्या बाळापर्यंत एकच गोष्ट पोचणार होती, आणि ती मोठी होऊन चालणार नव्हती.

परभणीकडच्या त्यांच्या गावात चौथीला सूतकताईचा तास असायचा. बाजीराव त्यात दुसरे आले होते. वर्गात टकळ्या दोनच होत्या ही गोष्ट वेगळी. आता टकळी हवी म्हणून त्यांनी लोखंड बाजारातल्या मानसिंगला फोन लावला. मानसिंग लेथवर काम करायचा. त्याने दोन दिवसांत टकळी पाठवली. ती अशी दणकट होती की तिला घाबरून लोकर आपोआप पिळली जाईल असं वाटावं. लोकर पिळली गेली नाही, तुटली, आणि टकळी पायाच्या अंगठ्यावर पडली. दुसरी टकळी मानसिंगने सायकलच्या तारेची केली. ती चालली.

अल्पाकाची लोकर निसरडी. बोटांतून ती अशी सटकते की जणू तिला कुठेतरी जायची घाई आहे. बाजीराव मोबाइलवर एका परदेशी आजीबाईंचे व्हिडिओ बघून शिकले. आजीबाई इंग्रजीत बोलायच्या, पण हात मराठीसारखे हलवायच्या. प्रत्येक व्हिडिओ पंधरा मिनिटांचा. बाजीराव चौदा मिनिटं बघायचे, कारण शेवटच्या मिनिटाला सगळेच लोक सबस्क्राइब करा म्हणतात एवढं त्यांना माहीत होतं.

कताई चालू असताना पंखा बंद. पंखा लावला की लोकर उडायची आणि वरणात सापडायची. मार्चमध्ये हे निभावलं. एप्रिलमध्ये शर्मिलाबाई म्हणाल्या, "अहो, बाळाला थंडी वाजू नये म्हनून तुमी आमाला उकडून काढताय."

"वीस मिनिटं थांब."

"मगापासून तिसऱ्यांदा वीस मिनिटं झाली."

पण त्या उठून गेल्या नाहीत. पदराने वारा घेत, टकळीवर चढत जाणाऱ्या सुताकडे बघत बसल्या. पहिलं सूत बैल बांधावा इतकं जाड आलं. पाचव्या आठवड्यात असं आलं, की शर्मिलाबाईंनी कपाटातून क्रोशाची सुई काढली. या सुईने त्यांनी एके काळी टीव्ही, फ्रिज, फोन आणि पाहुणे येईपर्यंत चपलांचं कपाटसुद्धा झाकलं होतं. ठरलं असं, की विणणार त्या आणि माप बाजीरावांचं.

माप! क्रांतीने फोनवर सांगितलं, नव्या बाळाचं डोकं साधारण पस्तीस सेंटिमीटर असतं. बाजीराव शिवणाची टेप घेऊन नेरूळच्या बाजारात गेले आणि एकेका फळाला टेप गुंडाळत सुटले. नारळ सोललेला, लहान. शहाळं मोठं. पपई डोक्यासारखी नाही.

"काका," फळवाली म्हणाली, "खायचंय का कपडे शिवायचेत त्याला?"

"कपडे," बाजीराव म्हणाले.

तिने यावर थोडा विचार केला आणि एक खरबूज पुढे केलं. पस्तीस. बरोबर पस्तीस.

खरबूज घरी आलं आणि दिवाणावर उशीला टेकून बसलं. शर्मिलाबाई दोन ओळी विणायच्या, बाजीराव ते खरबुजाच्या डोक्यावर घालून बघायचे आणि "अर्धं बोट सैल" म्हणायचे. शर्मिलाबाई दोन ओळी उसवायच्या. आठवड्याभरात खरबूज पिकून मऊ पडलं, तेव्हा त्याच मापाचं दुसरं आणलं. ते कापायला दोघांचाही हात धजेना. तिसरं मुद्दाम कच्चं आणलं; त्याला तर शर्मिलाबाई सकाळी उन्हातून सावलीत ठेवायला लागल्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कुंची पूर्ण झाली. खरबुजाच्या डोक्याला चपखल, मागे पाठीवर हातभर झोळ, काठाला शंखांची नक्षी. बाजीरावांनी चारही बाजूंनी टेप लावली. मग टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः उठून मिक्सर लावला, चटणीसाठी.

आता फक्त एकदा धुऊन वाळवायची होती. त्या दिवशी दोघांना पुतण्याच्या लग्नाला परभणीला जायचं होतं, तीन दिवस. बाजीरावांनी कुंची साबणाच्या पाण्यातून हलक्या हाताने काढली आणि सगळे कपडे घालतात तिथेच वाळत घातली, खिडकीच्या ग्रिलबाहेरच्या दोरीवर, टोपीला चार चिमटे लावून. करावेच्या खाडीकडून तिसऱ्या मजल्यावर वारा भन्नाट येतो. कुंची उडू नये, शिवाय काठ मुडपू नये, सरळ वाळावा म्हणून त्यांनी खालच्या टोकाला एक वजन अडकवलं. लोखंडाचं, दोन किलोचं, वर कडी असलेलं. काट्यावरच्या लोकांनी रिटायर होताना ते त्यांना आठवण म्हणून दिलं होतं. अशी एखादी सरळ टांगलेली गोष्ट बघितली की बाजीरावांना बरं वाटायचं. समाधानाने ते स्टेशनकडे निघाले.

परत आले तेव्हा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे हौसेराव उभे होते. हौसेराव साताऱ्याचे, स्वभावाने शांत.

"या बाजीराव. लग्न झालं का नीट?"

"झालं की."

"आमच्या खिडकीवर तीन दिवस कोणतरी टकटक करतंय. पयल्या दिवशी म्हटलं कबुतर. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. आज सकाळी पडदा सारला तर," हौसेरावांनी दोन बोटं वर केली, "दोन किलो. आयएसआय मार्क."

बाजीराव गुडघा विसरून वर धावले. कुंची दोरीवरच होती. ती ग्रिलपासून सुरू होत होती आणि हौसेरावांच्या घरी संपत होती.

त्यांनी ती वर ओढून घेतली. खरबुजावर घातली तर खरबूज आत नाहीसं झालं. टेप लावली. मग टेप खाली ठेवली.

शर्मिलाबाईंनी मोबाइल काढला आणि आजीबाईंचा धुण्याचा व्हिडिओ पुढे सरकवून शेवटच्या मिनिटावर आणला. आजीबाई सबस्क्राइब करा म्हणत नव्हत्या. त्यांनी एक ओला स्वेटर खुंटीला टांगून दाखवला, मग त्याच्या बाह्या जमिनीला टेकलेल्या दाखवल्या, आणि दोन्ही हातांनी नाही, नाही, नाही केलं. मग तसाच दुसरा स्वेटर टॉवेलवर सपाट पसरून त्याच्याकडे बघून हसल्या. अल्पाका ताणला की तिकडेच राहतो, मेंढीच्या लोकरीसारखा परत येत नाही, हे त्या हसण्यातून सुद्धा समजत होतं.

"गरम पाण्यात टाका, आखडंल," दारातून हौसेराव म्हणाले.

"आखडून त्याचं पायपुसणं होईल," शर्मिलाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

"उसवून परत?" बाजीरावांनी विचारलं.

"उद्या दुपारी विमान हाय माझं."

बाजीराव दिवाणावर खरबुजाशेजारी बसले. त्यांनी कुंचीतून खरबूज बाहेर काढून उशीला टेकवलं.

"नको नेऊस," शेवटी ते म्हणाले. "तिकडे दुकानातून घे एक छोटीशी. मिक्सरवाल्या गोष्टी पुन्यांदा नकोत."

शर्मिलाबाईंनी ऐकून घेतलं. ते आंघोळीला गेल्यावर कुंचीची घडी केली, म्हणजे आठ घड्या केल्या, आणि बॅगेत पापडांच्या खाली ठेवली.

बाळ अकरा जूनला झालं. मुलगी. बाजीरावांनी पहिल्यांदा वजन विचारलं, तो त्यांचा हक्कच होता. सव्वातीन किलो. ते हौसेरावांना सांगायला खाली गेले, परत आले, आणि एकट्या घरात पंखा पाचवर लावून बसले. लोकर संपली होती, तरी पंख्याखाली बसताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी पहाटे व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरंफटक गवत, त्याच्यावर गोठलेलं दव, आणि कुंपणापलीकडे अकरा तोंडं मीटिंगला बसलेली. मधे क्रांती उभी होती. तिच्या डोक्यावर कुंची होती. ती कपाळावर नीट बसली होती, खांद्यांवरून उतरून पार गुडघ्यापर्यंत आली होती, आणि पुढे धरलेल्या दोन काठांमधून एक नाक दिसत होतं. एवढंसं, गुलाबी, झोपलेलं.

"जय भीम, पप्पा!"

"जय भीम," बाजीराव म्हणाले. "आईने आणलीच का ती? तिला मी सांगितलं होतं…"

"पप्पा, आधी माप बघा." क्रांतीने गोल फिरून दाखवलं. "डोक्यावर ओढली तशी बसली. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. दोघी मावतो आत. आज ही पयल्यांदा बाहेर आलीय, आणि बघा, हूं का चूं नाही." तिने काठ बाळाभोवती आणखी ओढले. "तुमी मला आणलेली कुंची एकदाची बसली हो."

मागून शर्मिलाबाईंचा आवाज आला, "सदतीस वर्षं उशीर, पन मापात!"

बाजीरावांनी मोबाइल थोडा लांब धरला, मग जवळ धरला. कपाळाची कड बघितली, खांदा बघितला, खालचा काठ बघितला. काठ अगदी सरळ होता. कुठेही मुडपला नव्हता.

"मग," ते म्हणाले. "नजरेनं घेतलं होतं."

क्रांती इतकी हसली की नाक जागं झालं, आणि कॉल रडण्यात संपला. रडणं सव्वातीन किलोच्या मानाने भरपूर होतं. बाजीराव ते ऐकत असताना क्रांती घाईघाईत ओरडली, "आणि मिक्सरवरची धुऊन ठेवा! ही पहिलीत गेली की लागेल!"

त्या दुपारी बाजीरावांनी लाल मखमल मिक्सरवरून उतरवली, धुतली आणि फरशीवर टॉवेल टाकून त्यावर सपाट पसरली. मखमलीला त्याची गरज नव्हती, पण आजीबाई हसल्या असत्या. मग ते दाराशी गेले आणि जिन्यात वाकून ओरडले, "हौसेराव, वर या! सुरी आणा!"

"सुरी?" खालून काळजीचा आवाज आला. "का हो?"

"खरबूज कापायचंय. आता त्याचं काम झालं."

हौसेराव आले. पहिली फोड बाजीरावांनी बशीत घालून दिवाणावर, उशीजवळ ठेवली. मग दोघांनी बाकीचं खाल्लं. खरबूज उत्तम निघालं. महिनाभर सावलीत वाढवलेलं होतं.